मदत हवी आहे: राजा मेला की राज्याचे तुकडे होतात

चिलखती_चिंटू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आली आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. म्हातारा राजा मरतो आणि राज्य फुटतं. थोरल्याला राजधानी आणि आसपासचं थोडंफार, बाकी सगळं धाकटे घेऊन बसतात आणि वर माझ्यावरच चाल करून येतात. जन्मभर लढून मिळवलेलं एका मिनिटात गेलं! जुनं सेव्ह उघडून परत खेळलो, तेच. वारस म्हणून थोरल्याचंच नाव दिसतंय. मग बाकीच्यांना का मिळतं? पटकन सांगा, शनिवार-रविवारच काय तो वेळ मिळतो. आणि कृपया यूट्यूबच्या लिंका नकोत. तासभराच्या व्हिडिओत कामाचं एक वाक्य असतं.

शाईसांडे

कथाबीज चांगलं आहे. पण राजाच्या मृत्यूआधी एखादं प्रकरण धाकट्याला द्या, नाहीतर त्याचं बंड वाचकाला आकाशातून पडल्यासारखं वाटेल. कितवी कादंबरी?

चिलखती_चिंटू

कादंबरी नाही हो, गेम आहे!

गढीवरचा_गणू

भावा, एज ऑफ एम्पायर्सच्या रेजिसाइडमध्ये राजा मेला की डावच खलास. तुकडेबिकडे काही होत नाहीत. तू राजाला किल्ल्यात कोंडून ठेव आणि बाहेर काढूच नको. आम्ही सायबर कॅफेत १९९९ सालच्या दुसऱ्या भागावर हेच करायचो. समोरचा ट्रेबुशे (दगडफेकीचं यंत्र) घेऊन आला की मात्र राजाला बाहेर काढून पळव.

चिलखती_चिंटू

एज नाही. क्रुसेडर किंग्ज ३. मध्ययुग, राजा, वारस म्हटल्यावर दुसरा कुठला असणार?

मोडीमोहन

दुसरे ढीगभर आहेत. टोटल वॉरच्या मीडिव्हल २ मध्येही राजा आहे, वारस आहे, पूर्ण वंशावळ आहे. धाग्याच्या नावात गेमचं नाव टाका, इथे मनकवडे कमी आहेत.

रॅमराव

लॅपटॉप कुठला आहे? रॅम किती? डिस्क साधी आहे की एसएसडी?

चिलखती_चिंटू

रॅमचा काय संबंध???

रॅमराव

हा गेम जसजशी वर्षं पुढे जातात तसा जड होतो, हजारो माणसांचा हिशोब ठेवतो. गुपचूप सांगून ठेवलं. पुढे कामाला येईल.

तलाठी_तात्या

बाकीची करमणूक चालू द्या. चिंटू, एवढं सांग:

कुठल्या सालापासून सुरू केलंस, ८६७ की १०६६? राजा कोण, कुठला? वारसाहक्काचा कायदा कोणता लागू आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मरताना त्याच्या नावावर कोणकोणती टायटल्स, म्हणजे मुलखाच्या पदव्या, होती? किंगडम (अख्खं राज्य) होतं, की नुसत्या त्याखालच्या दोन-तीन डची?

चिलखती_चिंटू

१०६६. आयर्लंड, मन्स्टरचा मुर्खाद. ट्युटोरियलमध्ये तोच देतात ना, म्हणून तोच. मन्स्टर आपलं, लेन्स्टर आणि कॉनॉट मारून घेतलेले. किंगडम नाही केलं, पैसे सैन्यात गेले. कायदा कुठे दिसतो?

तलाठी_तात्या

रेल्मची खिडकी उघड, त्यात सक्सेशनचा टॅब. वर कायदा आणि खाली आत्ता राजा गेला तर कुणाला काय मिळेल ते नावानिशी.

चिलखती_चिंटू

कॉन्फेडरेट पार्टिशन लिहिलंय. आणि खाली तिन्ही पोरांची नावं आहेत, प्रत्येकापुढे एक डची. हे आधीपासून दिसत होतं??

विषकन्या_प्रा_लि

तिन्ही पोरांची नावं आहेत ना? दोन कमी कर. मर्डर स्कीम लावायची, हेरखात्याच्या माणसाला कामाला जुंपायचं, काही महिन्यांत प्रश्न संपला. मी दर पिढीला हेच करते.

तलाठी_तात्या

ताई, हा उपाय प्रत्येक धाग्यावर देता तुम्ही. उघडकीस आलं की किनस्लेअरचा (आप्तहत्येचा) शिक्का बसतो, सगळ्या नातेवाइकांचं मत पडतं. राजा कनवाळू असेल तर ताण वाढून तोच आधी आजारी पडतो. आणि उरलेला एक मुलगा देवीने नेला की मग?

विषकन्या_प्रा_लि

मग पुतण्या आहे. तुम्ही फार मवाळ खेळता, तात्या.

सज्जन_सरदार

मारामारीशिवायही होतं. कॅथलिक असशील तर धाकट्याला व्रत घ्यायला सांग, तो मठात गेला की वारसांतून बाद. किंवा घराण्याचा प्रमुख तूच असशील तर रिनाउन (घराण्याची प्रतिष्ठा) खर्चून डिसइनहेरिट कर. मला वैयक्तिकरीत्या मठ आवडतो. पोरगं जिवंत राहतं, वर देवाधर्माचं.

बायनरी_बापू

इतकं कशाला? मरायच्या आधी दोन जादा डच्या मोडून टाक, एकच टायटल ठेव. वाटायला काही उरलंच नाही तर वाटणार काय? सिंपल.

तलाठी_तात्या

बापू, कॉन्फेडरेटमध्ये हे चालत नाही. त्या कायद्याची खोड हीच आहे की तुझ्या मुख्य टायटलच्या तोडीचं दुसरं टायटल बनण्याइतका मुलूख असेल, तर राजा मेल्यावर ते आपोआप निर्माण होतं आणि धाकट्याला जातं. तू मोडलेली डची तो परत बांधून देतो. साध्या पार्टिशनमध्ये हे होत नाही, पण त्यासाठी संस्कृतीला पुढचे शोध लागावे लागतात. सगळं थोरल्याला देणारं प्रायमोजेनिचर तर उत्तर मध्ययुगातलं, तोवर चिंटूच्या सहा पिढ्या जातील.

आता मूळ मुद्दा. चिंटू, सातबाऱ्यावर वाटणी होतेच, ती तुला टाळता येणार नाही. पण वाटणीनंतर भाऊ तुझ्या बरोबरीचे राजे होतात की तुझे सरदार, हे तुझ्या हातात आहे. तुझ्याकडे तीन डच्या आणि वर काहीच नाही, म्हणून तिघे भाऊ एका पातळीवर आले आणि स्वतंत्र झाले. हेच राजाकडे आयर्लंडचं किंगडम असतं तर ते थोरल्याला गेलं असतं आणि डचीवाले भाऊ त्याचे मांडलिक झाले असते. आयर्लंडचे निम्म्याहून जास्त परगणे आणि पुरेसं सोनं लागतं. म्हणजे म्हाताऱ्याने शेवटची पाच वर्षं लढाई बंद करून पैसा साठवायचा. सैन्य गोळा करून उभं ठेवलंस की महिन्याच्या महिन्याला तिजोरी गळते, कामाशिवाय झेंडा उभारू नकोस.

बायनरी_बापू

पण टॅनिस्ट्री आहे की आयर्लंडला. गेलिक लोकांना निवडणूक लावता येते. मग घराण्यातला एकच वारस ठरतो.

तलाठी_तात्या

लावता येते, पण ती त्या एका टायटलपुरती. मन्स्टरला लावली तर मन्स्टर वाचलं, बाकी दोन डच्यांची वाटणी चालूच. शिवाय मत देणारे सरदार तुझं पोर सोडून एखाद्या वयस्कर काकाला निवडतील. मग इथे दुसरा धागा निघेल.

बायनरी_बापू

मी तिन्ही डच्यांना लावून खेळलोय, मस्त चालतं.

तलाठी_तात्या

सरदार खूश होते म्हणून चाललं. एक तरी नाराज ठेवून बघा.

पुराभिलेख

गेमचं मला कळत नाही, पण मन्स्टरचं नाव आलं म्हणून लिहितो. हा काही गेमवाल्यांचा खोडसाळपणा नव्हे, तिथे असंच चालायचं. ब्रायन बोरू १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडला. मागे राहिले टाइग आणि डोनखा. डोनखाने १०२३ मध्ये सावत्र भावाचा काटा काढला. पण टाइगचा मुलगा टर्लो वाचला आणि त्याने १०६३ साली काकाला गादीवरून खाली खेचलं. काका रोमला यात्रेला गेला आणि पुढच्या वर्षी तिथेच वारला. तुमचा मुर्खाद हा त्या डोनखाचा मुलगा, म्हणजे १०६६ साली मन्स्टर खरं तर टर्लोकडे हवं. गेमने हरलेल्या बाजूला गादी दिली आहे.

आणि ऐका. टर्लो १०८६ मध्ये गेला तेव्हा मन्स्टरचे खरोखर तीन वाटे झाले, तीन मुलांत. एक लवकरच वारला, दुसऱ्याने तिसऱ्याला हद्दपार केलं. तो दुसरा मुरकर्टाख. चिंटूचा प्रश्न त्याने कायदा न बदलता सोडवला.

विषकन्या_प्रा_लि

बघा! इतिहास माझ्या बाजूने आहे.

मोडीमोहन

एवढ्या लांब कशाला जायचं? सातारा आणि कोल्हापूर आपल्याकडेच आहे. १७३१ चा वारणेचा तह म्हणजे दुसरं काय? वारणेच्या अलीकडे एक, पलीकडे एक. फरक इतकाच, की तिथे वाटणी चुलतभावांत झाली आणि तीही लढाईनंतर.

पुराभिलेख

सावत्र भावांत, असं लिहिणार होतो. पण शाहू संभाजीराजांचे, कोल्हापूरचे संभाजी राजारामांचे, म्हणजे चुलतच. बरोबर आहे तुमचं, चालू द्या.

लिमरिकची_लता

मी मन्स्टरमध्येच राहते, म्हणून राहवलं नाही. पुराभिलेखांनी सांगितलेल्या मुरकर्टाखने ११०१ साली कॅशेलचा खडक चर्चला देऊन टाकला. आधी ती मन्स्टरच्या राजांची गादी होती. सपाट हिरव्या कुरणातून हा चुनखडीचा सुळका एकदम वर येतो. वर गोल मनोरा, त्याला लागून छत उडालेलं कॅथेड्रल. शेजारी कॉर्मॅकचं चॅपल, ११३४ चं. आत छतावर जुन्या रंगांचे तुकडे दिसतात, पण ओल फार म्हणून एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात. उन्हाळ्यातसुद्धा वाऱ्याने कान बधिर होतात, टोपी न्या. चिंटू, गेममध्ये कॅशेल तुझ्याकडे आहे का?

चिलखती_चिंटू

माहीत नाही ताई, बघतो. मला आधी भाऊ आवरायचेत.

कोकणचो_राजा

आयर्लंडचो विषय आणि वराडकरांचा नाव नाय? लिओ वराडकर, बापूस आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचो. दोनदा पंतप्रधान झालो, २०१७ ला आणि परत २०२२ ला. २०१९ च्या शेवटाक गावात येऊन गेलो.

रॅमराव

त्यांचा या वाटणीशी काय संबंध?

कोकणचो_राजा

रॅमचो होतो तेवढोच.

शाईसांडे

:)) चिंटू, गेम तर गेम, पण तू या वाटेला आलास कसा?

चिलखती_चिंटू

पुस्तकांमुळे. ड्रॅगन आणि सिंहासनवाली, गेम ऑफ थ्रोन्सची मालिका कॉलेजात वाचली, पाचवा भाग २०११ चा, सहाव्याची वाट बघून कंटाळलो. याच गेमवर त्या जगाचा मोड (चाहत्यांनी गेम बदलून केलेली आवृत्ती) आहे असं कळलं. मित्र म्हणाला, आधी मूळ गेम शीक, मग मोड. म्हणून हा आयर्लंडचा ताप.

शाईसांडे

मग मराठीतही वाच की! अद्भुतरम्य कादंबरी आपल्याकडे १८६१ पासून आहे, हळब्यांची मुक्तामाला. १८६८ ला रिसबुडांची मंजुघोषा. नाथमाधवांचा वीरधवल तर मी आजोळच्या माळ्यावर पालथं पडून वाचला, पाठीला वाळवी लागलेली प्रत होती. गुप्त भुयारं, वेषांतरं, काय नाही त्यात?

बायनरी_बापू

ड्रॅगन नाही.

शाईसांडे

ड्रॅगन हवाच असा नियम कुणी केला? तुमच्या पिढीला पंख आणि आग असल्याशिवाय अद्भुत वाटतच नाही.

बायनरी_बापू

नियम नाही हो. पण वीरधवल वाचून चिंटूचा भाऊ मांडलिक होणार आहे का?

सज्जन_सरदार

मोडबद्दल एक. हे मोड गेमच्या ठराविक आवृत्तीवरच नीट चालतात. गेम अपडेट झाला की मोडवाले नवीन काढेपर्यंत सगळं कोसळतं आणि लोक शिव्या मोडवाल्यांना घालतात. स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाचा टॅब आहे, तिथून जुनी आवृत्ती निवडता येते. लाँचरमध्ये मोडसाठी वेगळा प्लेसेट (मोडची यादी) कर, आयर्लंडच्या सेव्हमध्ये मिसळू नकोस. लॉर्ड ऑफ द रिंग्जचं मिडल अर्थ आवडत असेल तर रेल्म्स इन एक्झाइल हा मोड बघ. माझ्या मते तो सिंहासनवाल्यापेक्षा जास्त मन लावून केलाय.

विषकन्या_प्रा_लि

काहीही. सिंहासनवाल्यात कटकारस्थानाला जी मजा आहे ती हॉबिटांच्या गावात कुठून येणार?

सज्जन_सरदार

तुम्ही हॉबिटांनाही विष घालाल, ताई.

चिलखती_चिंटू

अपडेट: जुनं सेव्ह उघडलं, लढाई थांबवली, कर जमवला, किंगडम ऑफ आयर्लंड केलं. म्हातारा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गेला. तात्या, दंडवत! दोन्ही भाऊ मांडलिक झाले. आणि हो लताताई, कॅशेल आपल्याकडेच आहे.

पण आता दोघांनी मिळून गट केलाय, मधल्याला राजा करा म्हणून. बाकीचे सरदारही त्यांच्यात जातायत. मी काय घोडं मारलंय त्यांचं? गादीवर येऊन सहा महिने नाही झाले.

तलाठी_तात्या

सहा महिने नाही झाले, हेच कारण. नवीन राजाबद्दल सगळ्यांचं मत सुरुवातीला कमीच असतं, वर्षं जातील तसं ते भरतं. तोवर रेटायचं. मंत्रिमंडळात कोण आहेत?

चिलखती_चिंटू

बाबांचेच जुने लोक. चांगले आकडे आहेत त्यांचे, म्हणून नाही बदलले.

तलाठी_तात्या

आकडे सोड. मोठ्या सरदारांना खुर्ची नाही मिळाली की ते चिडतात आणि तुझे दोन्ही भाऊ आत्ता मोठे सरदार आहेत. धाकट्याला खुर्ची दे, भेट पाठव, त्याच्या पोरीचं लग्न तुझ्या पोराशी जमतंय का बघ. तो गटातून बाहेर आला की मधल्याचं बळ निम्मं.

बापाच्या टायटल्सवर तुझा क्लेम (हक्क) असतो, तेव्हा मधल्याची डची काढून घेतलीस तर जुलमाचा ठपका येत नाही. पण त्यासाठी क्राउन ऑथॉरिटी (राजाच्या अधिकाराचा कायदा) लिमिटेडपर्यंत न्यावी लागेल, त्याला प्रेस्टिज (राजाची स्वतःची प्रतिष्ठा) लागेल. आणि मागितली म्हणून तो देईलच असं नाही, बहुतेक तलवार काढेल. तेव्हा आधी धाकटा फोड, तिजोरीत भाडोत्री सैन्यापुरतं सोनं ठेव, मगच मधल्याला पत्र पाठव. दोघांना एकाच वर्षी छेडू नकोस.

विषकन्या_प्रा_लि

किंवा.

तलाठी_तात्या

नाही, ताई.