'छिटमहल'ला मराठीत काय म्हणाल?

रानवारा: मदत हवीये. भारत-बांगलादेश सीमाकरारावरचा एक बंगाली लेख मराठीत करतेय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. छिटमहल म्हणजे चारी बाजूंनी परक्या देशाने वेढलेला आपला तुकडा. आपले १११ तिकडे होते, त्यांचे ५१ इकडे, ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. मी 'परिवेष्टित प्रदेश' लिहिलं तर आई म्हणाली, इथे माणसं राहत होती असं वाटतच नाही.

गटनंबर: छिटमहलच ठेवा की! महाल आपलाच शब्द आहे, तालुक्याहून लहान तो महाल, माझे आजोबा महालकरी कचेरीत कारकून होते. पंचमहाल जिल्ह्यातला महाल तोच. आणि छिट म्हणजे शिंतोडा, उत्तर बंगालमधल्या कूचबिहार संस्थानाचा जुना नकाशा बघा, खरंच शाई शिंपडल्यासारखा दिसतो.

सारीपाट: मी तर छिट म्हणजे चिठ्ठी असं ऐकलंय. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावायचे, चिठ्ठीवर गावाचं नाव लिहून.

गटनंबर: ती दंतकथा हो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल आणि कूचबिहारचा तह झाला, तेव्हा एकमेकांच्या मुलखात अडकलेल्या जमिनी ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. पुढे १९४७ ला त्यांच्याभोवती देश उभे राहिले.

निर्मळ_मराठी: 'महाल' वाचून नव्वद टक्के लोकांना राजवाडाच आठवणार. 'भूबेट' करा, सोपा आणि आपला शब्द. आणि लेखात सरहद्द लिहू नका, सीमा लिहा, फारसीची गरज काय?

तीरावरची: भूबेट नको वाटतं. बेटावरून होडीने तरी बाहेर पडता येतं, यांना बाजाराला जायचं तरी परका देश ओलांडावा लागायचा. इकडच्या छिटांतली मुलं शाळेत घालायची तर बाप म्हणून दुसऱ्याच कुणा भारतीयाचं नाव लावायचे. शिवाय दहला खागडाबाडी म्हणजे बांगलादेशात भारताचा तुकडा, त्यात बांगलादेशचा, त्यात परत भारताचा, असं होतं! तिथे बेटात बेट किती वेळा लिहिणार? तिथले लोक नुसतं 'छिट' म्हणतात, मला तोच शब्द खरा वाटतो.

मोजणीवाला: निर्मळ, हद्द काढून टाकली तर 'हद्द कायम मोजणी'ला काय म्हणायचं? शेतकरी अर्ज करतो तो त्याच नावाने. तुम्हाला अस्सलच हवा असेल तर शीव आहे ना, आमच्या गावात शिवेचा दगड अजून आहे. मुंबईचं शीव पण तेच, बेटाची शीव.

निर्मळ_मराठी: शीव हा सीमाचाच तद्भव, म्हणजे माझंच म्हणणं झालं. वापरात आहे म्हणून सगळंच ठेवायचं का, हा माझा प्रश्न आहे.

रानवारा: अजून एक अडचण. २०११ च्या प्रोटोकॉलमध्ये अशाही जमिनी आहेत ज्या नकाशात एका देशाच्या पण कसणारे दुसऱ्या देशाचे. 'प्रतिकूल ताबा' चालेल?

कोर्टकचेरी: तो आमच्याकडचा शब्द आहे, त्यात बारा वर्षं ताबा ठेवला की मालकी सांगता येते असा अर्थ येतो, दोन देशांत तसं नसतं. पाकिस्तानला द्यायचं ठरलेल्या बंगालमधल्या बेरुबाडीचं बघा ना, १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल, म्हणून २०१५ ची शंभरावी घटनादुरुस्ती. मी 'प्रत्यक्ष ताबा' लिहीन.

मोजणीवाला: वहिवाट का नाही? आमच्या काकांची आणि शेजाऱ्याची बांधावरून एकोणीस वर्षं केस चालली, दोघेही वहिवाटच म्हणायचे.

कोर्टकचेरी: वहिवाटीत मालकाची संमती पण असू शकते. बांध कोणी कोरला होता?

मोजणीवाला: तेच तर ठरलं नाही. मोजणी दोनदा झाली, दोन्ही वेळेला खुणा वेगळ्या.

रानवारा: लेख शनिवारी जातोय. सध्या छिटमहल ठेवलाय आणि पहिल्यांदा येतो तिथे एक वाक्य समजावून लिहिलंय. प्रत्यक्ष ताबा घेते. अदलाबदलीनंतर तिकडून हजाराच्या आत-बाहेर माणसं भारतात आली, त्यांना विस्थापित म्हणू की स्थलांतरित? ती स्वतः पर्याय निवडून आलीत.

सारीपाट: शिवार पण शीववरूनच आला का?