नाईक यशवंत घाडगे : कबरीविषयी एक दुरुस्ती

वर एका प्रतिसादात दुसऱ्या महायुद्धातील वीर नाईक (लष्करातील एक हुद्दा) यशवंत घाडगे यांची कबर इटलीत असल्याचे म्हटले आहे, त्यात एक दुरुस्ती सुचवतो. त्यांची ज्ञात कबर नाही. इटलीतील कॅसिनो या गावी असलेल्या युद्धस्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते आणि त्यांचे वय होते अवघे २२. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील इतर सारे ठार किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच शत्रूच्या त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एका सैनिकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलण्याइतकीही उसंत नसल्याने आपली टॉमीगन (हातात धरून चालवायची स्वयंचलित बंदूक) नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी ठार केले. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून, जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान देण्यात आला.

महूची लष्करी छावणी इतकी जवळ असूनही आम्हा इंदूरकरांच्या मुलांना हे नाव बहुधा ठाऊक नसते, याची मला मनापासून खंत वाटते. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कोकणात जाताना मुलांना तो अवश्य दाखवावा.