फ्लोरिकल्चर शिकू की फ्लोरल डिझाइन? सुरुवात कुठून करू

पानफुटी:
नमस्कार मंडळी, ऑफिसच्या कामाला कंटाळलेय, फुलांच्या लाईनमध्ये यायचंय. अनुभव म्हणाल तर घरच्या कुंड्या, बास. एकीकडे फ्लोरिकल्चरचा डिप्लोमा दिसतोय, दुसरीकडे थोड्या दिवसांचे डिझाइनचे कोर्स, आणि दोन्हीवाले म्हणतात लगेच काम मिळतं. नक्की फरक काय आणि अगदी खालच्या पोस्टवर लागायचं तर काय यायला हवं?

हरितघर:
दोन्ही वेगळी कामं आहेत ताई. फ्लोरिकल्चर म्हणजे फूल पिकवणं, म्हणजे पॉलिहाऊस, खतपाणी, कीड, काढणी. उदाहरण देतो, शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते, म्हणून मोठ्या दिवसांत वेळेआधी फुलं हवी असतील तर संध्याकाळीच काळं कापड ओढून अंधार करतात आणि उलट कळी लांबवायची असेल तर मध्यरात्री लाईट लावतात. हे असलं वाचून मजा वाटत असेल तर डिप्लोमा करा. नसेल वाटत तर उगाच त्या वाटेला जाऊ नका, उन्हातान्हात आणि दमट हवेत उभं राहून करायचं काम आहे ते.

कात्री_आणि_दोरा:
मी डिझाइनवाल्या बाजूला आहे. नवीन माणसाला पहिल्या दिवशी बुके कोणी करायला देत नाही, बादल्या घासायला देतात!! आणि ते बरोबरच आहे कारण घाण बादलीत बॅक्टेरिया वाढतात, ते दांड्याच्या नळ्या बुजवतात, मग पाण्यात उभं असूनही फूल मान टाकतं. जरबेराचं तर फारच, त्याला स्वच्छ आणि थोडंच पाणी लागतं. त्यामुळे पहिलं शिकायचं ते कंडिशनिंग. माल आला की पाण्याखाली येणारी पानं काढायची, धारदार सुरीने दांडा खालून दोनतीन सेंटीमीटर तिरका कापायचा, लगेच फ्लॉवर फूडच्या पाण्यात ठेवायचा, मग गार जागी काही तास सोडायचा. फ्लॉवर फूड म्हणजे साखर, आम्ल आणि जंतू मारणारं काहीतरी, नुसती साखर टाकली तर बॅक्टेरियाचीच चैन.

तापमानही पाठ असू दे. गुलाब, कार्नेशन १-२ अंशाला खूश, पण अँथुरियम त्याच कोल्ड रूममध्ये ठेवलं की काळं पडतं, त्याला १२-१३च्या खाली चालत नाही. आणि पिकलेली फळं फुलांच्या खोलीत आणायचीच नाहीत, त्यातून इथिलीन निघतं, कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटून जातात आणि परत उघडत नाहीत. इंटरव्ह्यूला हे एवढं नीट सांगता आलं तरी समोरचा सरळ बसतो.

पानफुटी:
बापरे, मला वाटलं रंगसंगती वगैरे आधी येत असेल 😅 मग कोर्स निवडताना काय बघू?

कात्री_आणि_दोरा:
एकच विचारा, प्रत्येकाला हातात ताजी फुलं किती मिळतात. स्लाइड्स दाखवून स्पायरल बुके येत नाही, सगळे दांडे एकाच दिशेने तिरके लावत हातात फिरवत जायचं असतं, एक दांडा उलटा गेला की अडकतो आणि बांधल्यावर बुके उभाच राहत नाही. स्वस्तातली फुलं घेऊन तोच बुके परत परत सोडून बांधा. वायरिंग (म्हणजे दांड्याला तारेचा आधार देणं), टेप लावणं (टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, बरेच जण नुसता गुंडाळतात) आणि कॉस्टिंग शिकवतात का तेही बघा. कॉस्टिंग नाही शिकवलं तर मी तो कोर्स घेणार नाही, कारण बुकेत किती दांडे गेले आणि किती वाया गेले हे लिहायची सवय नसलेला माणूस मालकाला महाग पडतो.

हरितघर:
+१. फक्त फोमवरच (पाणी धरणारा स्पंजसारखा ठोकळा, ज्यात दांडे खुपसतात) सगळं शिकवत असतील तर तेही विचारा. फोमचे बारीक कण पाण्यात जातात, प्लास्टिकच ते, म्हणून आता कोंबडीजाळी नाहीतर पिनहोल्डर (दांडे रोवायला खिळ्यांची जड चकती) वापरणारे वाढलेत. दोन्ही यायला पाहिजे.

कात्री_आणि_दोरा:
आणि फोम वापरलाच तर पाण्यात दाबायचा नाही, वर ठेवून द्यायचा, तो आपोआप बुडतो. दाबला की मध्ये कोरडा राहतो आणि नेमकं तिथे खुपसलेलं फूल दुसऱ्या दिवशी गेलेलं असतं.

पानफुटी:
समजलं. फी भरायच्या आधी एखाद्या फुलवाल्याकडे सीझनमध्ये हाताखाली काम मागून बघू का?

कात्री_आणि_दोरा:
बघाच. गर्दीच्या दिवसांत जास्तीचे हात सगळ्यांनाच लागतात. पहाटे लवकर या म्हणतील, आणि बूट पाणी न शिरणारे घ्या.