"आत्म्याने दीन ते धन्य" यातला दीन कोण आणि धन्य कसा?

परभणी :
आमच्या शेजारच्या काकू मागच्या महिन्यात गेल्या, ख्रिस्ती होत्या, मातीला गेलो तेव्हा पाळकसाहेबांनी वाचलं "जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचे राज्य त्यांचे आहे". शब्द सगळे ओळखीचे पण वाक्य काही डोक्यात बसंना. दीन म्हणलं की मला दीनवाणं तोंड, लाचार माणूस दिसतो. धन्य तर आपण वैतागून म्हणतो, "धन्य आहे बाबा तुझी". आणि आत्मा दीन कसा काय असंल, आत्मा शुद्ध, अमर असंच ऐकत आलेय मी. काकू जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेल्या, मग ते त्यांच्या गरिबीवर होतं का? कुणाला माहीत असलं तर नीट सांगा.

जालना :
ताई, लांबण लागंल पण सांगतो, आमच्या घरात हे वाक्य तीन पिढ्या वाचलं जातंय. बायबलमधे मत्तयच्या शुभवर्तमानात ५व्या अध्यायाची ३री ओवी, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाची सुरुवातच ही.

आधी दीन. मूळ ग्रीकमधे गरिबाला दोन शब्द होते. एक पेनेस, म्हणजे ज्याचं हातावर पोट आहे, रोज कामाला गेला तर चूल पेटती. दुसरा प्तोखोस, ह्याचा संबंध दबून, अंग चोरून बसण्याशी, म्हणजे ज्याच्याकडं काहीच राहिलं नाही आणि जो दुसऱ्याच्या दारात बसलाय. पेनेस नव्या करारात फक्त एकदा येतो, आणि येशू इथं वापरतो तो दुसरा. श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडलेला असतो त्याला हाच शब्द आहे, मार्कमधे दोन टोल्या, म्हणजे बारकी नाणी, दानपेटीत टाकणाऱ्या विधवेलाही हाच. तर आपल्या बोलीत सांगायचं तर हातावर पोट असणारा नाही, पदर पसरणारा. मला विचाराल तर दीन ह्या शब्दाला मराठीत सगळ्यात जवळचं हेच आहे, पदर पसरणं, कारण पदर पसरताना हातात काही धरता येत नाही.

आता "आत्म्याने". इथं बरेच जण अडकतात. पायानं अधू, अंगानं बारीक, मनानं मोठा असं आपण म्हणतोच ना, तसलाच हा "ने" आहे, कुठल्या बाबतीत ते सांगणारा. आणि आत्मा म्हणजे इथं वेदान्तातला आत्मा नाही, ग्रीक शब्द प्न्युमा, त्याचा अर्थ वारा, श्वास असाही होतो, माणसाचं आतलं जिवंतपण म्हणा. तेव्हा आत्मा कमी दर्जाचा आहे असं ते म्हणतच नाही. आतून ज्याला कळलंय की देवापुढं ठेवायला माझ्याकडं माझं असं काही नाही, ना पुण्य ना कुळ ना उपास, तो. लूकच्या १८व्या अध्यायात परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि जकातदार दोघं मंदिरात जातात, परूशी आपल्या उपासांचा आणि दशमांशाचा हिशोब सांगतो, जकातदार लांब उभा राहून ऊर बडवत नुसती दया मागतो, आणि येशू म्हणतो की हाच नीतिमान ठरून घरी गेला. आत्म्यानं दीन म्हणजे तो जकातदार. दीनवाणा नाही हो, दीनवाणं तोंड माणसापुढं करतात.

धन्य मधे धन आहे बघा, संस्कृतात धन्य म्हणजे धन लाभलेला, भाग्याचा. म्हणून मराठीत हे वाक्य मला फार भारी वाटतं, ज्याच्याकडं काहीच नाही त्यालाच धन्य म्हणलंय. ग्रीक शब्द माकारिओस, जुन्या ग्रीकमधे देवांना लावायचे, ज्यांना कसली ददात नाही असे. आणि आजकाल बरेच जण सरसकट "आशीर्वादित" म्हणायलेत ते मला पटत नाही, आशीर्वाद देतात, त्याला वेगळा शब्द आहे. धन्य म्हणजे आत्ता, ह्या घडीला त्याचं भलं आहे असं सांगणं. बघा, "ते धन्य" म्हणणाऱ्या ह्या वचनांपैकी पहिल्यात "राज्य त्यांचे आहे" असा वर्तमानकाळ आहे, तसाच आठव्यात, मधल्या सगळ्यांत होईल, मिळेल असा भविष्यकाळ.

लातूर :
दादा, शब्दाचं पटलं, पण हे लै सोयीचं पडतं. ऊसतोडीला जाणाऱ्याला उचल देऊन बांधून ठेवायचं आणि वर म्हणायचं तू गरीब म्हणून धन्य. गरिबीला गोड नाव देणंच झालं की ते.

जालना :
बरोबर विचारलंत, आणि असा वापर झाला असंल तर तो चुकीचाच. लूकच्या ६व्या अध्यायात हेच वचन आहे पण तिथं "आत्म्याने" हा शब्दच नाही, सरळ दीन जनहो, तुम्ही धन्य, आणि तीन ओव्या सोडल्या की धनवानांना हाय म्हणलंय. तेव्हा पोटाची भूक गाळून नुसती मनाची दीनता शिकवता येत नाही. जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात बेथेल वसवलं, बेथेल म्हणजे देवाचं घर, तिथं जी गावकुसाबाहेरची माणसं आली त्यांना गाव दीन म्हणतच होतं. त्यांना धन्य म्हणणारं कुणीतरी पहिल्यांदा भेटलं. माझी आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा, आणि तीच आजी मजुरीचा एक पैसा कमी दिला तर मालकाच्या दारात उभी राहून मागून घ्यायची. देवापुढं दीन म्हणजे मालकापुढं दीन नाही.

परभणी :
काकू रोज संध्याकाळी डोईवर पदर घेऊन बसायच्या आणि हात जोडायच्या नाहीत, उघडे मांडीवर ठेवायच्या. मी एकदा विचारलं होतं, हसल्या नुसत्या. अजून एक, खाली "जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील" असं आहे, हे वतन आपलंच का, पाटीलकीचं?

जालना :
हो ताई, तेच, वारशानं येणारं. ते जुन्या करारातल्या ३७व्या स्तोत्रातून आलंय, तिथं हिब्रूत अनाविम आहे, त्याच्याच जोडीचा शब्द अनी, एक नम्राला, एक गरिबाला, मूळ एकच. आपण बाजारात म्हणत नाही का, गाय गरीब हाय, मारत नाही? तसं. ज्यांच्या नावावर हातभर रान नव्हतं त्यांनी हे "वतन" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय वाटलं असंल, मी त्याचाच विचार करत असतो.