पहिला बाक पुरेसा नाही

कमी ऐकू येणाऱ्या पोरांबद्दल ‘श्रवणयंत्र आहे, पहिल्या बाकावर बसवा, झालं’ असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. मी स्वतः लातूरला तीन वर्षं पहिल्याच बाकावर बसून काढली. डोक्यावर पंखा, आणि आपल्याकडं मार्चपासून तो बंद करायची सोयच नाही. यंत्र सगळंच मोठं करतं, सरांचा आवाज आणि पंख्याची घरघरही. त्यात सर फळ्याकडं तोंड करून बोलायला लागले की ओठही दिसत नाहीत. (भरघोस मिशावाल्या सरांचं तर विचारूच नका.) घामानं यंत्र दोनदा बंद पडलं. मग रात्री ते सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डबीत ठेवायला लागलो, तेव्हा कुठं टिकलं.

त्यात कुणी बोललं नाही ती गोष्ट परीक्षेची. जादा वेळ मागायला गेलो तर कार्यालयात उत्तर मिळालं, ‘लेखनिक (आपण सांगू ते पेपरात लिहिणारा) नको ना, मग वेळ कशाला?’ मी गुमान परत आलो. पण केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक न घेणाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख होता: 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा देता येत होता. तुमच्या ओळखीचं कुणी पोरगं असेल तर त्याला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि सध्या लागू असलेल्या सूचनांची प्रत जोडून लेखी अर्ज द्यायला सांगा, तोही परीक्षा फॉर्म भरतानाच. आणि पोच घ्या. तोंडी विचारलं की माझ्यासारखं होतं.