मदत हवी आहे: मिरजेत मुलांना डर्ट बाइक शिकवतो, प्रार्थनेचं आणि एका मुलाचं काय करू?

माळकरी_मेकॅनिक:

नमस्कार मंडळी. मिरजेत माझं दुचाकीचं गॅरेज आहे आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घेतो. या दोन्हींतून एक तिसरंच काम मागे लागलंय. गॅरेजवर रेंगाळणाऱ्या पोरांना शनिवारी सकाळी जतच्या वाटेवर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पड जमिनीवर नेतो आणि मातीत गाडी चालवायला शिकवतो. मुलं दहा ते सोळा वर्षांची. निम्मी आमच्या चर्चची, बाकीची आळीतली. त्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, दोन मुलीही आहेत.

गाड्या म्हणाल तर एक जुनी पासष्ट सीसीची केएक्स (कावासाकीची लहान मुलांची डर्ट बाइक) आणि सगळं सोलून हलक्या केलेल्या दोन टीव्हीएस एक्सएल. हिरोच्या एक्सपल्ससारख्या मोठ्या गाडीवर लहान पोरांना मी बसवत नाही. दीडशे किलोच्या वरची गाडी अंगावर आली तर बारा वर्षांच्या पोराला ती सरकवता येत नाही. अगदी लहानांना आधी सायकलच देतो. तोल, नजर आणि ब्रेक यांतलं बरंचसं सायकलवरच शिकून होतं.

पहिला धडा उभं राहण्याचा. फूटरेस्टवर उभं, गुडघ्यांनी टाकी धरलेली, कोपर बाहेर, केएक्स असेल तर क्लचवर सदा एक बोट, नजर पुढच्या चाकावर नाही तर वळण संपतं तिथे. आमच्याकडे मुरूम आहे आणि त्यावर सुटी बारीक खडी. पुढचा ब्रेक झटक्यात दाबला की गोट्यांवर पाय पडल्यासारखं चाक निसटतं, म्हणून ब्रेक हळूहळू पिळायचा आणि तोही गाडी सरळ असताना. मग आठ काढणं, मग सगळ्यात सावकाश कोण येतो याची शर्यत. या शर्यतीत उतावळी पोरं हमखास हरतात. मला ते बघायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

दर वेळी एकाने झेंडा घेऊन उभं राहायचं. पिवळा दिसला की वेग कमी, ओव्हरटेक नाही, उडी नाही. कुणी पडलं तर जो सगळ्यात जवळ असेल त्याने थांबायचं. डकार रॅली या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत जखमी स्पर्धकासाठी थांबलेल्याचा गेलेला वेळ त्याला परत मिळतो, हे सांगितलं तेव्हा पोरांचा विश्वास बसेना. डकारला गेलेले आपले भारतीय स्वार सी. एस. संतोष आणि हरिथ नोआ यांचे व्हिडिओ त्यांना पाठ आहेत, हा नियम मात्र कुणालाच माहीत नव्हता.

सुरुवातीला दोन मिनिटं प्रार्थना आणि शेवटी गाड्या धुताना एखादं वचन, त्यावर गप्पा. बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलंय की नियम सोडून खेळणाऱ्याला मुकुट मिळत नाही. हे त्यांना लगेच समजतं, कारण झेंडूच्या वाफ्यातून शॉर्टकट मारणाऱ्याचा फेरा आम्ही मोजत नाही.

आता अडचण. आमचा सगळ्यात तयार मुलगा सोळा वर्षांचा. गाडीची समज उपजत. प्रार्थनाही तोच सांगतो आणि मनापासून सांगतो. मागच्या महिन्यात त्याची रील फिरली: रात्री मिरज-सांगली रस्त्यावर वडिलांच्या गाडीचं पुढचं चाक उचलून व्हीली, अंगात आमचा टी-शर्ट, पाठीवर क्रूस. दोन पालक गॅरेजवर आले. एक म्हणाले, "मग प्रार्थनेचा उपयोग काय?" दुसरे म्हणाले, "प्रार्थना बंद करा, गाडी तेवढी शिकवा."

गाडी तेवढी शिकवणं मला जमणार नाही. माझं शिकवणं तिथूनच येतं. पण दुसऱ्याच्या मुलाला नकळत काही पाजल्यासारखं वाटायला नको. शिवाय या मुलाला काढू का ठेवू? कुणी असं काही चालवलं असेल तर सांगा.

घाटवाट_सातारा:

आधी कायद्याचं बोलतो, बाकीचं नंतर. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला की पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. ती रील म्हणजे त्याच्या वडिलांविरुद्धचा पुरावा आहे. हे वडिलांना कुणी सांगितलंय का?

दुसरं, कायद्यातल्या 'सार्वजनिक जागे'त डांबरी रस्त्याखेरीज लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा येते. तेव्हा गायरानावर जाऊ नका. दंडोबाचा डोंगर किंवा आमच्याकडचं कास तर मनातही आणू नका. कुंपणाची खासगी जमीन धरलीत ते उत्तम. मालकाकडून लेखी घ्या. गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत धरत नाहीत, म्हणून मुलांचा अपघात विमा वेगळा बघा.

निवृत्त_मास्तर:

मी चर्चच्या शाळेत नोकरी केली, स्वतः वारकरी घरातला. घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. तुमचा माळ म्हणजे शाळा नव्हे, पण हीच रीत धरा. प्रवेशाच्या कागदावर स्वच्छ लिहा: इथे प्रार्थना होते, बायबलमधलं सांगितलं जातं, थांबणं ऐच्छिक. प्रार्थना गाड्या सुरू करण्याच्या अर्धा तास आधी ठेवा म्हणजे न येणाऱ्याला बाजूला उभं राहावं लागणार नाही, तो उशिरा येईल इतकंच. मुलाला सगळ्यांसमोर "तू थांबतोस का" असं विचारू नका. पोरं लाजेखातर हो म्हणतात.

माळकरी_मेकॅनिक:

मास्तर, अर्ध्या तासाची सूचना पटली. वचनाच्या गप्पा मात्र गाड्या धुतानाच होतात आणि तिथे सगळेच असतात. तिथे गोष्ट सांगेन, आमेन म्हणायला लावणार नाही. चालेल?

निवृत्त_मास्तर:

कागदावर तेही लिहिलंत तर चालेल.

लाल_माती:

सांगलीकडचा आहे, तालमीत वाढलोय. वस्ताद अशा पोराला हाकलत नाही. मेहनत चालू ठेवतो, मैदानात उतरवत नाही. हौद खणायला लावतो, लहानांची मेहनत घ्यायला लावतो. तुमच्या पठ्ठ्याच्या हातात पिवळा झेंडा द्या आणि उन्हात उभा करा. स्पर्धा बंद, प्रार्थना सांगणं बंद. रील त्याने स्वतः काढून टाकायची आणि त्या दोन पालकांच्या घरी जाऊन बोलायचं, तुम्ही बरोबर जायचं नाही. हाकललात तर तो रस्त्यावरच जाणार, तिथे त्याला प्रेक्षक आहेतच.

माळकरी_मेकॅनिक:

झेंड्याचं एकदम मान्य. प्रार्थनेचं अर्धंच मान्य. प्रार्थना म्हणजे बक्षीस नव्हे की चुकला म्हणून काढून घ्यावं. पाळकसाहेबांशी बोललो. ते म्हणाले, करू दे, पण लहानांसमोर पुढे उभं राहून सांगणं काही दिवस थांबव. तसंच करतोय. वडिलांना कलम वाचून दाखवलं. गाडीची किल्ली आता त्यांच्या उशाखाली असते.

अजून एक गोष्ट विचारायची राहिली. या भागातल्या स्पर्धा बहुतेक रविवारी असतात आणि त्याच वेळी उपासना. एरिक लिडेल या ख्रिस्ती धावपटूचं उदाहरण मला सगळे देतात. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रविवारच्या फेरीमुळे त्यांनी शंभर मीटर सोडली आणि चारशे मीटर जिंकली. पण ते मोठे होते आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता. मी अकरा वर्षांच्या पोरीच्या वतीने असा निर्णय कसा घेऊ?

आई_मिरज:

घेऊच नका, तिच्या घरच्यांवर सोडा. माझी मुलगी तुमच्याकडे येते, आम्ही हिंदू आहोत. प्रार्थनेने माझं काही बिघडत नाही, ती हल्ली जेवताना भावाची वाट बघते. मला दुसरंच बोलायचंय. माळावर एक बाई हवी, आणि कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा नको, टेम्पोतसुद्धा. मी शनिवारी यायला तयार आहे. आणि दादा, ती मोठ्यांचे बूट पेपर कोंबून घालते, तुम्ही बघितलंय का?

घाटवाट_सातारा:

ताईंचं बरोबर आहे. सैल बुटात घोटा आतल्या आत फिरतो. हेल्मेटचंही तेच: आयएस ४१५१ या हेल्मेटच्या भारतीय मानकाचा शिक्का बघा, पट्टा लावून डोकं हलवलं तर हेल्मेट वेगळं हलता कामा नये. मूल पडून मान दुखते म्हणालं तर हेल्मेट ओढून काढू नका, जागेवरून हलवू नका, १०८ ला फोन. डोकं आपटलं असेल तर "बरा आहे मी" म्हणाला तरी त्या दिवशी गाडी बंद. तयार पोरं इथेच खोटं बोलतात.

माळकरी_मेकॅनिक:

ताई, या शनिवारी याच. कागद मास्तरांनी सांगितला तसा लिहून काढतोय, दोन्ही नाराज पालकांना आधी दाखवणार. बुटांचं मात्र खरंच अडलंय. लहान मापाचे ऑफ-रोड बूट इकडे मिळत नाहीत, नवे मागवले तर खिसा पुरत नाही. कोल्हापूर-पुण्याकडे कुणाच्या मुलाचे पाय वाढून बूट पडून असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तीन, चार, पाच, कुठलंही माप चालेल. बक्कल तुटलेलं असलं तरी हरकत नाही, ते मी बसवतो.