मदत हवी आहे: १९८४ च्या टोयोटा पिकअपला १९८१ चा पुढचा अॅक्सल चालेल का?

नमस्कार मंडळी. मी ॲरिझोनात राहतो. माझ्याकडे १९८४ ची टोयोटा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे, पुढे लीफ स्प्रिंग आणि सॉलिड अॅक्सलवाली. फोर-व्हीलमध्ये टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डावीकडून कटकट आवाज येतो. नकलच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग) गोळ्याभोवती ग्रीस आणि गिअर ऑइलचा काळा रबडा साचलाय. म्हणजे आतलं सील गेलंय आणि बर्फील्ड जॉइंटही (चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा सांधा) बहुधा संपलाय.

इथल्या भंगारवाल्याकडे १९८१ च्या पिकअपचा अख्खा अॅक्सल आहे. सुटे भाग द्यायला तो तयार नाही. अमेरिकेत १९७९ ते ८५ पर्यंत सॉलिड अॅक्सल होता, ८६ पासून टॉर्शन बारवालं स्वतंत्र सस्पेन्शन आलं, एवढं माहीत आहे. पण १९८१ चे नकल, स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा), ब्रेक कॅलिपर आणि स्टिअरिंग आर्म माझ्या अॅक्सलच्या हाउसिंगवर (बाहेरच्या कवचावर) जसेच्या तसे बसतात का? मधला डिफरन्शिअल मी माझाच ठेवीन, कारण पुढचा-मागचा गिअर रेशो जुळला नाही तर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) वाट लागेल.

दुसरं, ८६ नंतरचे हब याच स्पिंडलवर चढतात आणि ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) रुंद होतो म्हणतात. त्यासोबत ब्रेक डिस्क कुठली घेतलीत? लँड क्रूझर एफजे६० ची? माझ्या बर्फील्डच्या बाहेरच्या टोकाला २७ स्प्लाइन (खाचांचे दाते) आहेत.

हे काम स्वतः केलेल्यांनीच सांगा. ‘गाडी विकून टाक’ हा सल्ला घरून रोज मिळतो.